मूल नेमकं कोणी चोरलं?



मघाशी चहाच्या वेळी मी दोघा-तिघांना विचारत होते, ‘जिप्सी’ म्हटलं की तुम्हाला पहिल्यांदा काय आठवतं? एक तरुण म्हणाला, ताडोबातली सफारीची गाडी. (हशा) एक बाई म्हणाल्या, पाडगावकर. तेही बरोबर, त्यांच्या एका कवितासंग्रहाचं नावच ‘जिप्सी’ आहे. तिसरे गृहस्थ जरा विचार करून म्हणाले, मोकळं आयुष्य, शेकोटी, गाणंबजावणं. तिन्ही उत्तरं खरी आहेत, आणि तिन्ही उत्तरांत माणूस नाही. गाडी आहे, कविता आहे, वृत्ती आहे. युरोपात आजही एक कोटीच्या आसपास रोमा माणसं राहतात. ती या शब्दाच्या मागे कुठेतरी असतात, पण आपल्याला दिसत नाहीत.

शब्दाचं आधी सांगून टाकते. ‘जिप्सी’ हा शब्द ‘इजिप्शियन’वरून आला. हे लोक इजिप्तमधून आले असावेत असा मध्ययुगीन युरोपचा समज झाला, तो चुकीचा होता, आणि चुकीचंच नाव चिकटलं. जर्मन भाषेतला ‘त्सिगॉयनर’ तर त्यांना शिवीसारखा लागतो, कारण छळछावण्यांमध्ये त्याच शब्दाचं आद्याक्षर त्यांच्या हातावर गोंदलं गेलं. ते स्वतःला रोम म्हणतात, कुठे सिंती, कुठे काले, कुठे मानुष. मानुष म्हणजे तेच, जे तुम्हाला वाटतंय.

मी इतिहासाची अभ्यासक नाही. मी साहित्य शिकवते, त्यामुळे मी गोष्टींकडून सुरुवात करणार आहे. मला पडलेला प्रश्न असा, की एखाद्या समाजाचा द्वेष सहाशे वर्षं उघड्यावर चालू असतो, आणि तरीही सुशिक्षित, वाचणारी, संगीत ऐकणारी माणसं शपथेवर सांगू शकतात की आम्हाला असं काही दिसलं नाही. हे जमतं कसं? मला वाटतं, त्या द्वेषाला दर वेळी दुसरंच नाव दिलं जातं, म्हणून जमतं. आणि ही नावं देण्याच्या कामात साहित्याचा हात मोठा आहे.

१६१३ साली सर्व्हान्तेसच्या कथांचा संग्रह आला. हो, तोच, ‘दोन किहोते’वाला. त्यातली एक कथा ‘ला हितानिया’, म्हणजे ‘जिप्सी पोर’. निवेदक सुरुवातीलाच या जमातीला जन्मजात चोर ठरवून टाकतो. मग नायिका येते, प्रेसिओसा. हुशार, हजरजबाबी, शुद्ध चारित्र्याची, गोरी, इतकी गोरी की उन्हातान्हात भटकूनही तिची कांती रापत नाही. वाचकाला इथेच शंका यावी. एक उमराव घराण्यातला तरुण तिच्यावर भाळतो. ती अट घालते, दोन वर्षं आमच्यात येऊन राहा. तो नाव बदलून येतो. पुढे एका गावात एक मुलगी त्याच्या मागे लागते, तो नकार देतो, ती चिडून आपले दागिने त्याच्या सामानात लपवते आणि ‘चोर चोर’ म्हणून ओरडते. एक सैनिक त्याला शिव्या देत थोबाडीत मारतो. हा त्याचीच तलवार उपसून त्याला ठार करतो. आता फाशी होणार.

मग गाठोडं सुटतं. प्रेसिओसाला वाढवणारी म्हातारी कबूल करते की ही पोर आपली नाही, लहानपणी चोरलेली आहे. अंगावरच्या खुणा जुळतात. ती निघते त्या शहराच्या सर्वोच्च अधिकाऱ्याची मुलगी. आणि तो ‘जिप्सी’ तरुणही उमराव निघतो. मग खुनाचं काय? मेलेल्या सैनिकाच्या नातेवाइकाला पैसे देऊन प्रकरण मिटतं. लग्न होतं. सगळे आनंदात.

ही कथा मी वर्गात शिकवते तेव्हा एकच प्रश्न विचारते. या गोष्टीत काय बदललं? माणूस तोच, हातातली तलवार तीच, मेलेला सैनिक तोच. सकाळी जो गुन्हा फाशीचा होता तो संध्याकाळी पैशाने मिटण्यासारखा झाला. मधल्या वेळात फक्त रक्ताचा तपशील समोर आला. सर्व्हान्तेस मोठा लेखक आहे. त्याला ही विसंगती दिसत असणार असं मला अजूनही वाटतं. त्याने चोरीचा आरोप मुद्दाम खोटा दाखवला आहे, हे विसरू नका. पण गोष्टीचा साचा इतका सोयीचा निघाला की पुढच्या लेखकांनी विसंगती सोडून दिली आणि साचा तेवढा उचलला.

१८३१ची व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी घ्या, नोत्र-दामच्या कुबड्याची. सिनेमे बघून आपल्याला एस्मेराल्दा जिप्सी वाटते. कादंबरीत ती जिप्सी नाहीच. ती राँस शहरातल्या एका फ्रेंच बाईची मुलगी, आन्येस. जिप्सींनी तिला पळवलं आणि तिच्या जागी कुबडं मूल ठेवलं, तो क्वासिमोदो. तिची आई दुःखाने वेडी होऊन पॅरिसमध्ये एका कोठडीत स्वतःला कोंडून घेते, आणि समोरच्या चौकात नाचणाऱ्या एस्मेराल्दाला जिप्सी म्हणून रोज शिव्याशाप देते. शेवटी एका चिमुकल्या बुटाच्या जोडीवरून ओळख पटते. प्रसंग विलक्षण लिहिलाय, डोळ्यांत पाणी येतं. पण हे पाणी कोणासाठी येतं तेही बघावं. वाचकाने जिच्यावर साडेचारशे पानं जीव लावला ती ‘त्यांची’ नव्हती, हे लेखकाने वेळेत सांगून टाकलं. म्हणजे वाचकाचं प्रेमही अबाधित आणि पूर्वग्रहही अबाधित.

आणि जी खरोखर त्यांची असते तिचं काय होतं? ती कार्मेन होते. मेरिमेची कथा १८४५ची, बिझेचा ऑपेरा १८७५चा. ऑपेरा मलाही आवडतो, उगाच सोवळेपणा करत नाही. पण कथेत कार्मेनला मारणारा होसे शेवटी काय म्हणतो, तर दोष तिला वाढवणाऱ्यांचा. खुनी इसम बळीच्या जातीला दोष देतो. आणि पुढे मेरिमेने कथेला चौथं प्रकरण जोडलं. त्यात गोष्ट नाही. जिप्सी दिसतात कसे, त्यांच्या बायका कशा, भाषा कशी, यावर एक अभ्यासू टिपण आहे. बाई मेली, आता तिच्या वंशाची माहिती वाचा. जगभर गाजलेल्या या कथेचा शेवट असा आहे, आणि फारसं कोणी त्यावर बोलत नाही, कारण ऑपेरात ते प्रकरण नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, गोष्टी त्या गोष्टी. त्यावरून आजच्या युरोपला कशाला बोल लावायचा?

ऑक्टोबर २०१३. सर्व्हान्तेसच्या कथेला बरोबर चारशे वर्षं झाली होती. ग्रीसमध्ये फार्साला गावाजवळच्या रोमा वस्तीत पोलिसांना एका जोडप्याकडे सोनेरी केसांची, गोरी, निळसर डोळ्यांची मुलगी सापडली. जोडपं सावळं. डीएनए जुळला नाही. जगभरच्या वाहिन्यांवर तिचा फोटो फिरला, मथळ्यांत एकच शब्द, चोरलेली. अनेक देशांतून हरवलेल्या मुलांच्या आईवडिलांनी आशेने चौकशा केल्या. काही दिवसांनी खरी आई सापडली. ती बल्गेरियातली रोमा बाई होती, अठराविश्वे दारिद्र्यात राहणारी, आणि तिने मूल सांभाळायला त्या जोडप्याकडे ठेवलं होतं. म्हणजे गोरी मुलगी रोमाच होती. रोमा माणूस गोरा असू शकतो, इतकी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

बातमी एवढ्यावर थांबली नाही. त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये पोलिसांनी दोन रोमा घरांतून दोन मुलं उचलली, डब्लिनमधली सात वर्षांची मुलगी आणि अथलोनमधला दोन वर्षांचा मुलगा. कारण? केस सोनेरी. आईवडील जीव तोडून सांगत होते, आमचंच मूल आहे. डीएनए तपासणी झाली. दोन्ही मुलं त्यांचीच निघाली, परत दिली गेली. पुढच्या वर्षी तिथल्या बालहक्क लोकपालांनी चौकशीचा अहवाल दिला आणि डब्लिनच्या प्रकरणात वंशावरून संशय घेतला गेला असं स्पष्ट लिहिलं. सरकारने माफी मागितली. आयर्लंडने हे केलं, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण त्या पोलिसांना कोणी विचारलं असतं, तुम्ही वंशद्वेषी आहात का, तर ते मनापासून नाही म्हणाले असते. त्यांना मुलाची काळजी वाटत होती. द्वेषाचं त्या दिवसाचं नाव ‘काळजी’ होतं.

चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे तर त्याहून पुढची गोष्ट आहे. मुलं खरंच चोरली गेली, पण कोणाची?

अठराव्या शतकात हाब्सबुर्ग साम्राज्यात मारिया तेरेसा आणि तिचा मुलगा योसेफ यांच्या राजवटीत रोमांना ‘सुधारण्यासाठी’ फर्मानं निघाली. भटकू नका, आपली भाषा बोलू नका, आणि तुमची मुलं आम्ही शेतकरी कुटुंबांत वाढवायला देणार. स्वित्झर्लंडमध्ये १९२६ ते १९७३ या काळात एका प्रतिष्ठित बालकल्याण संस्थेने रस्त्यावरच्या भटक्यांची, मुख्यतः येनिश समाजाची, सुमारे सहाशे मुलं आईबापांपासून तोडली. येनिश रोमा नव्हेत, पण वागणूक तीच. १९७३ म्हणजे फार जुनी गोष्ट नाही, या सभागृहातले अर्धे लोक तेव्हा जन्मलेले होते. या चोऱ्यांवर कोणी ऑपेरा लिहिला नाही.

आणि मग मुलफिंगेन. जर्मनीतलं लहानसं गाव, तिथे एक कॅथलिक अनाथालय. तिथली सिंती मुलं खरं तर अनाथ नव्हती, त्यांच्या आईबापांना छावण्यांत धाडलं होतं. एफा युस्टिन नावाची संशोधक त्यांचा अभ्यास करत होती. ती रॉबर्ट रिटर या वंशशास्त्रज्ञाची सहकारी. तिला रोमानी भाषा येत होती. भाषेमुळे लोक तिच्याशी मोकळेपणाने बोलत, नातीगोती सांगत, आणि त्याच नात्यांतून याद्या तयार होत. तिला प्रबंध लिहायचा होता, म्हणून त्या मुलांची रवानगी लांबली. प्रबंध झाला. मे १९४४ मध्ये मुलांना आउशवित्झला पाठवलं. जवळजवळ सगळी मारली गेली. २ ऑगस्टच्या रात्री तिथला पूर्ण ‘जिप्सी विभाग’ रिकामा केला गेला, त्या एका रात्रीत हजारो माणसं. युद्धानंतर युस्टिन आणि रिटर दोघांनाही फ्रँकफुर्ट शहराच्या सेवेत नोकरी मिळाली. खटला कधी उभा राहिला नाही.

इथे मला आपल्याबद्दल बोलायचं आहे, कारण रोमांची गोष्ट मराठीत सांगितली की लगेच दुसरा सूर लागतो. अहो, ते तर आपलेच! आणि भाषेच्या बाजूने ते खोटं नाही. रोमानीत कानाला कान, नाकाला नाक, गावाला गाव. मिठाला लोन, म्हणजे आपल्या लोणच्यातलं लोण. सूर्याला खाम म्हणतात, तो आपला घाम, दोन्हींचं मूळ संस्कृत ‘घर्म’. ‘रोम’ हा शब्द ‘डोम’वरून आला असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. हे ऐकताना अंगावर मूठभर मांस चढतं. माझ्याही चढलं होतं. पण हे सगळं रिटरलाही ठाऊक होतं! हे लोक भारतातून आले, हे त्याच्या संशोधनाचं गृहीतच होतं. मूळचे आर्य, पण वाटेत भेसळ झाली, म्हणून आता गुन्हेगार, असा त्याचा युक्तिवाद. उगमाचा अभिमान आणि माणसाचा द्वेष एकाच कागदावर सुखाने नांदू शकतात.

आणि ‘आपलेच’ म्हणताना आपण आपल्याकडच्या डोंबाऱ्यांचं काय केलं? दोरीवरचा खेळ बघून नाणं टाकलं आणि पुढे गेलो. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटबद्दल इथे कोणाच्या आजीने सांगितलं असेल. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा अकरावा खंड भारतातल्या भटक्यांच्या बोलींचा आहे, १९२२चा, आणि त्याच्या नावातच ‘जिप्सी’ आहे. म्हणजे युरोपातला संशयाचा शब्द आपल्या भटक्यांवर येऊन बसला. १९५२ मध्ये कायदा गेला. पण गावात चोरी झाली की पोलीस आधी कोणत्या पालावर जातात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

माझा भाचा जर्मनीत असतो, सॉफ्टवेअरमध्ये. मी गेले होते तेव्हा स्टेशनवर त्याने हळूच सांगितलं, “मावशी, पर्स पुढे धर. ते लोक असतात इथे.” समोर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, “कोण लोक रे?” तो म्हणाला, “अगं तेच, रोमानियाचे वगैरे.” त्याच संध्याकाळी जेवताना तो तक्रार करत होता की दुकानात शिरलं की गार्ड माझ्या मागे मागे फिरतो. दोन्ही वाक्यं एकाच दिवसातली, आणि त्याला त्यांचा संबंध लागला नाही. मला तरी कुठे लगेच लागला? मी पर्स पुढे घेतली होती.

दुसरं नाव देण्याचा प्रकार कोर्टातही चालतो. पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयाने ७ जानेवारी १९५६ला निकाल दिला, की १९४३ पूर्वी रोमांवर झालेली कारवाई वंशामुळे नव्हती. त्यांच्या गुन्हेगारी प्रवृत्तीमुळे केलेला तो पोलिसी बंदोबस्त होता. म्हणजे १९४०च्या हद्दपारीची भरपाई नाही. वाचलेल्यांना हे सांगितलं गेलं, ज्यांचे घरदार गेले त्यांना. १९६३ मध्ये निकाल अंशतः फिरवला. पण वंशसंहार म्हणून अधिकृत मान्यता मिळायला १९८२ उजाडलं, तेही दाखाऊच्या जुन्या छावणीत सिंती कार्यकर्त्यांनी उपोषण केल्यानंतर. आणि २०१५ मध्ये त्या न्यायालयाच्या अध्यक्षा म्हणाल्या की आम्हाला त्या निकालाची लाज वाटते. बोलल्या, चांगलं झालं. १९५६ला चाळिशीत असलेला माणूस ते ऐकायला उरला नसणार.

झेक प्रजासत्ताकातल्या ऑस्ट्राव्हाच्या अठरा रोमा मुलांचा खटला तर या शतकातला आहे. त्यांना मतिमंद मुलांसाठीच्या ‘विशेष शाळांत’ घातलं होतं. नियमात रोमा हा शब्द कुठेच नाही, फक्त चाचणी. तरीही अर्जदारांच्या आकडेवारीनुसार त्या शहरात रोमा मूल अशा शाळेत जाण्याची शक्यता इतरांच्या सत्तावीस पट होती. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २००७ मध्ये हा भेदभाव आहे असा निकाल दिला. त्याच देशात लेटी नावाचं गाव आहे. युद्धकाळात तिथे रोमांची छावणी होती, पहारेकरी झेक. तीनशेहून जास्त माणसं तिथेच मेली, बहुतेक लहान मुलं. १९७०च्या दशकात त्या जागी डुकरांचं मोठं फार्म उभारलं, आणि कम्युनिस्ट राजवट गेल्यावरही ते पंचवीसेक वर्षं चालू राहिलं. मान्यवर येत, शेजारी फुलं वाहत, आणि वारा आला की वास येई. सरकारने ते विकत घेऊन पाडलं. स्मारक उघडलं २०२४ मध्ये.

मग या लोकांनी स्वतः काय लिहिलं? मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८०ला आणि लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ला आलं, तेव्हा आपल्या शेजारच्या पालात काय शिजतं, की काहीच शिजत नाही, ते आपल्याला पहिल्यांदा त्या पालातल्या आवाजात कळलं. पण लिहिणं सोपं नसतं. पोलंडची पापुशा, खरं नाव ब्रोनिस्वावा वाइस, रोमानीत कविता करायची. येझी फिट्सोव्स्की या कवीने तिच्या कविता पोलिश भाषेत आणल्या. नेमकं तेव्हा सरकार भटक्यांना सक्तीने स्थिरस्थावर करत होतं, आणि फिट्सोव्स्कीचा त्या धोरणाला पाठिंबा होता. समाजाने पापुशावर ठपका ठेवला, आपली गुपितं तिने परक्यांना दिली. तिला वाळीत टाकलं. तिच्या मनावर परिणाम झाला, पुढे ती जवळजवळ गप्पच झाली. चांगल्या हेतूने कविता छापणाऱ्या माणसाला मी खलनायक म्हणणार नाही. पण कविता आवडणं आणि माणसाच्या बाजूने उभं राहणं यात केवढी दरी असते, ते पापुशाच्या आयुष्यात दिसतं.

ऑस्ट्रियाच्या चेया स्टोयका दहा-अकरा वर्षांच्या असताना आउशवित्झमध्ये होत्या. मग राव्हेन्सब्रुक, मग बेर्गेन-बेल्झेन. धाकटा भाऊ ओसी आउशवित्झमध्ये मेला. बाजारात गालिचे विकून त्यांनी संसार केला, आणि १९८८ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, पहिलं पुस्तक प्रसिद्ध झालं. मग चित्रं काढायला लागल्या, शेकड्यांनी.

मी इतका वेळ ज्या गोष्टी सांगितल्या त्यांत म्हातारी चोरटी आहे, रडणारी फ्रेंच आई आहे, नाचणारी तरुणी आहे. रोमा आई कुठेच नाही. स्टोयकांच्या लिखाणात ती पानोपानी भेटते. बेर्गेन-बेल्झेनमध्ये खायला काही नव्हतं, तेव्हा मुलांनी झाडाचा चीक खाल्ला. बाहेर प्रेतांचे ढीग होते. बोचरा वारा असायचा. आई लेकीला घेऊन त्या ढिगांच्या आडोशाला बसायची, कारण तिथे वारा लागत नसे.

थांबते. प्रश्न असतील तर घेऊ.